शिरेतून दिलेल्या औषधाचे नाव

सीटी स्कॅनच्या वेळी हाताच्या शिरेतून जे कॉन्ट्रास्ट दिले जाते, त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये साधारण 30 ग्रॅम आयोडीन असते. थायरॉइड ग्रंथीचे काम नीट चालावे म्हणून मोठ्या माणसाला दिवसाकाठी लागणारे आयोडीन आहे 150 मायक्रोग्रॅम. म्हणजे दोन लाख दिवसांना पुरेल इतके आयोडीन एका तपासणीत, अर्ध्या-पाऊण मिनिटात शरीरात जाते. ते मोकळे नसते, बेंझिनच्या कड्याला घट्ट बांधलेले असते, आणि मूत्रपिंडे चांगली असतील तर चोवीस तासांत जवळजवळ सगळे लघवीवाटे निघूनही जाते. म्हणूनच हे चालते. पण इतक्या मोठ्या मात्रेत आणि इतक्या वेगाने शिरेतून दिली जाणारी औषधे फार थोडी आहेत. असे असूनही तपासणी करून आलेल्या माणसाला विचारले, की तुम्हाला नेमके काय दिले होते, तर उत्तर येते, ‘डाय टाकला होता.’ तापाच्या गोळीचे नाव घरातल्या शाळकरी मुलालाही सांगता येते. या औषधाचे नाव रुग्णाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा रिपोर्टवरही नसते. कॉन्ट्रास्टचे फायदे मोठे आहेत, धोके खरे असले तरी आटोक्यात आलेले आहेत, हे आज पुराव्यानिशी सांगता येते. मात्र ते आटोक्यात कसे आले याचा माग काढला की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हाती लागते: कोणाला, कोणते, किती दिले याची नोंद कुठेतरी होती. ही नोंद प्रत्येक रुग्णाच्या हाती असायला हवी, हे मला या लेखात पटवून द्यायचे आहे.

मुळात कॉन्ट्रास्ट लागते कशाला? क्ष-किरणांना हाड आणि हवा यांतला फरक सहज दिसतो, पण यकृत, त्यातली रक्तवाहिनी आणि त्यातच वाढलेली गाठ ही तिन्ही त्यांना जवळजवळ सारखीच करडी दिसतात. आयोडीनचा अणू जड असल्यामुळे तो क्ष-किरण अडवतो आणि रक्त जिथे जिथे पोचते ती जागा उजळते. यात सगळी करामत वेळेची असते. लिव्हर सिरॉसिस झालेल्या रुग्णाच्या सीटीचे उदाहरण घेऊ. कोपराच्या खोबणीतल्या शिरेत सुई असते, तिला जोडलेला पंप सेकंदाला तीन ते पाच मिलिलिटर या वेगाने औषध ढकलतो. रुग्णाच्या घशात आणि पोटात उष्णतेची लाट येते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्याचा भास होतो. हे सगळे मिनिटभरात ओसरते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. दरम्यान तिसाव्या-पस्तिसाव्या सेकंदाच्या सुमारास यंत्र पहिली चित्रे घेते, तेव्हा औषध धमन्यांत असते. सत्तराव्या सेकंदाच्या आसपास दुसरी, तेव्हा ते यकृताच्या पोर्टल शिरेत पोचलेले असते. मग तीन मिनिटांनी तिसरी. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, तर यकृताच्या कर्करोगाची गाठ आपले रक्त मुख्यतः धमनीतून ओढते. त्यामुळे पहिल्या चित्रात गाठ भोवतालापेक्षा उजळ दिसते आणि नंतरच्या चित्रांत भोवताल उजळत असताना ती काळवंडत जाते. सिरॉसिसच्या रुग्णात हा नमुना स्पष्ट असेल तर सुईने तुकडा न काढताही कर्करोगाचे निदान पक्के मानले जाते. साध्या, कॉन्ट्रास्टविना काढलेल्या सीटीत तीच गाठ अजिबात दिसली नाही असेही होऊ शकते.

म्हणून ‘धोका आहे ना, मग नकोच ते’ हा युक्तिवाद टिकत नाही. फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी, महाधमनीच्या भिंतीत पडलेली चीर, आतड्याचा तुटलेला रक्तपुरवठा, पक्षाघातात मेंदूची नेमकी कोणती धमनी बंद झाली आहे, हे सारे काही मिनिटांत सांगणारी दुसरी सोपी वाट नाही, आणि यांतल्या प्रत्येकात उशीर जिवावर बेततो. एमआरआयमध्ये आयोडीनची जागा गॅडोलिनियम घेते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे आपल्यासाठी त्याचे एक काम विशेष महत्त्वाचे ठरते. मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली की मेंदूच्या तळाशी असलेली आवरणे गॅडोलिनियम दिल्यावर जाडसर, चमकदार दिसू लागतात, आणि क्षयाची गाठ कडे घातल्यासारखी उजळते. साध्या एमआरआयवर हीच लक्षणे सहज निसटतात. पण याला दुसरी बाजूही आहे. मूतखडा पाहायचा असेल, डोक्याला मार लागला असेल, कंबरदुखीत मणक्याची गादी सरकली आहे का एवढेच पाहायचे असेल, तर सहसा कॉन्ट्रास्टची गरज नसते. मूतखड्याच्या तपासणीत तर ते अडचणच करते, कारण लघवीतले उजळ औषध खड्याला झाकून टाकते. कॉन्ट्रास्ट द्यायचे की नाही हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे हवे आहे यावर ठरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो प्रश्न स्पष्ट लिहिलेला असला, की निम्मे काम झाले. नुसते ‘पोटाचा सीटी’ असे लिहिणारी चिठ्ठी रेडिओलॉजिस्टला अंदाज करायला लावते.

या औषधांचा इतिहास क्ष-किरणांइतकाच जुना आहे. राँटगेनचा शोध 1895 च्या अखेरीचा, आणि 1896 च्या जानेवारीतच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी कापून वेगळ्या केलेल्या एका हाताच्या धमन्यांत खडू, पारा आणि पेट्रोलियम यांचे मिश्रण भरून चित्र काढले. जिवंत माणसात ते देणे शक्यच नव्हते. 1923 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये उपदंशाच्या रुग्णांना उपचार म्हणून सोडियम आयोडाइड दिले जात असताना त्यांचे मूत्राशय क्ष-किरणांत दिसू लागले, आणि आयोडीनचा मार्ग मोकळा झाला. पण ते आयोडाइड त्रासदायक होते. अशा वेळी 1930 च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे औषध आले. ते थोरियम डायऑक्साइडचे होते. चित्रे अप्रतिम यायची, रुग्णाला त्या क्षणी काहीही त्रास व्हायचा नाही, मळमळ नाही, वेदना नाही. डॉक्टरांना ते आवडले आणि जगभरात लाखो लोकांना दिले गेले. थोरियम किरणोत्सारी आहे हे तेव्हाही माहीत होते, इशारेही दिले गेले होते. पण ते शरीरातून बाहेर पडतच नाही, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत आयुष्यभर मुक्काम ठोकते, याचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागली. मग यकृताचे दुर्मिळ कर्करोग आणि रक्ताचे कर्करोग येऊ लागले. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान या देशांनी दशकानुदशके या लोकांचा पाठपुरावा केला, तेव्हा हानीचे नेमके माप कळले. तो पाठपुरावा शक्य झाला, कारण रुग्णालयांच्या जुन्या दप्तरात कोणाला थोरोट्रास्ट दिले हे नावानिशी लिहिलेले होते. तपासणीच्या टेबलावर काही झाले नाही म्हणजे औषध निर्धोक ठरले, ही समजूत थोरोट्रास्टने कायमची मोडली.

आयोडीनच्या औषधांची कथा याच्या उलट, सुधारणेची आहे. 1950 च्या दशकातली औषधे रक्तापेक्षा कितीतरी दाट असत. रक्ताची ऑस्मोलॅलिटी 290 च्या आसपास, तर या औषधांची 1500 च्या पुढे. असा द्राव शिरेत शिरला की भोवतालच्या पेशींतले पाणी ओढून घेतो. म्हणून जळजळ, वेदना, रक्तदाबात चढउतार व्हायचे. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांच्या मनात या वेदनेचे कारण घोळत होते. समुद्रात डोळे उघडे ठेवून पोहताना पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्याने डोळे चुरचुरतात आणि बाल्टिकच्या मचूळ पाण्याने तितके चुरचुरत नाहीत, या अनुभवातून त्यांनी धागा पकडला. औषधाचे रेणू विद्युतभार नसलेले केले तर तेवढ्याच आयोडीनसाठी द्रावातल्या कणांची संख्या कमी होईल आणि दाटपणा घटेल, अशी मांडणी त्यांनी 1969 साली केली. त्यातून नॉन-आयोनिक औषधे जन्माला आली. आयोहेक्सॉल 1980 च्या दशकात वापरात आले आणि आजही जगभर चालते. सुधारणा खरोखर झाली का, हे ठरवायला मात्र मोजणीच लागली. जपानमध्ये कातायामा आणि सहकाऱ्यांनी 3,37,647 तपासण्यांची नोंद करून 1990 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या औषधांत कोणतीही प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण 12.66 टक्के होते, नव्यांत 3.13. गंभीर प्रतिक्रिया जुन्यांत दर दहा हजारांत 22, नव्यांत 4. नवी औषधे महाग होती, त्यामुळे सर्वांना द्यावीत का यावर वाद झडले. या आकड्यांपुढे तो वाद फार काळ टिकला नाही.

दहा हजारांत चार हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. ज्या केंद्रात दिवसाला पन्नास कॉन्ट्रास्ट सीटी होतात तिथे वर्षात सहा-सात गंभीर प्रतिक्रिया होणारच, असे धरून चालले पाहिजे. अंगावर पित्त उठणे, खाज, शिंका, ओकारी हा सौम्य भाग. घसा सुजणे, श्वास अडकणे, रक्तदाब कोसळणे हा जीवघेणा भाग. गंभीर प्रतिक्रिया बहुतेक करून पहिल्या वीस मिनिटांत येतात आणि त्यांच्यावर पहिला उपाय ठरलेला आहे: मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन. म्हणून तपासणीनंतर अर्धा तास केंद्रातच बसवून ठेवणे ही गैरसोय नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. आणि अ‍ॅड्रिनलिन कपाटात कुलूपबंद न ठेवता हाताशी ठेवणे, ते देण्याचा सराव असलेली व्यक्ती हजर असणे, ही औषधाच्या निवडीइतकीच मोलाची गोष्ट आहे. कोकणात आणि गोव्यात एक प्रश्न हमखास येतो: कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला हे औषध चालते का? मासळीत आयोडीन असते आणि औषधातही, म्हणून हा समज रुजला. प्रत्यक्षात कोळंबीची अ‍ॅलर्जी तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, आयोडीनची नसते. आयोडीन हे आपल्याच थायरॉइड संप्रेरकाचा घटक आहे. त्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला जगताच आले नसते. दमा किंवा कोणतीही तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांना धोका थोडा वाढतो एवढे खरे, आणि ते डॉक्टरांना सांगावेच. पण सगळ्यांत मोठी धोक्याची खूण आहे ती आधी याच औषधाने आलेली प्रतिक्रिया. अशा रुग्णाला पुन्हा कॉन्ट्रास्ट द्यावेच लागले तर आधी स्टेरॉइड देतात, आणि त्याहून उपयोगी उपाय म्हणजे त्याच गटातले वेगळे औषध निवडणे. आता अडचण बघा. ‘मागे एकदा पुण्यात डाय दिल्यावर अंग सुजले होते’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णासाठी वेगळे औषध निवडायचे, तर कशापेक्षा वेगळे?

कॉन्ट्रास्टबद्दलची सर्वांत रुजलेली भीती मूत्रपिंडांची आहे, आणि ती निराधार नसली तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिचा आकार पुष्कळ आक्रसला आहे. जुन्या अभ्यासांत कॉन्ट्रास्ट दिल्यावर मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले की दोष कॉन्ट्रास्टला दिला जाई. ज्यांना ते दिलेच नाही अशांशी तुलना नसे. 2008 साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातल्या 32,161 रुग्णांची आकडेवारी न्यूहाऊस आणि सहकाऱ्यांनी तपासली. यांतल्या कोणालाही त्या काळात कॉन्ट्रास्ट दिले नव्हते, तरी निम्म्याहून अधिक जणांचे क्रिएटिनिन निदान 25 टक्क्यांनी हलले होते. आजारी माणसाचे क्रिएटिनिन तसेही स्थिर नसते. मग मोठ्या तुलनात्मक अभ्यासांनंतर 2020 साली अमेरिकेच्या रेडिओलॉजी आणि मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र निवेदन काढले: मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, 45 किंवा अधिक असेल तर शिरेतल्या कॉन्ट्रास्टमुळे इजा होण्याची शक्यता जवळजवळ शून्य, 30 ते 44 मध्ये शून्य ते दोन टक्के, 30 च्या खाली मात्र ती 17 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. या शेवटच्या गटाला आधी सलाइन देऊन तयारी करायची, मात्रा कमी ठेवायची, शक्य तर अल्ट्रासाउंडसारखा दुसरा मार्ग पाहायचा. मात्र जीव वाचवणारे निदान अडले असेल तर त्यांनाही कॉन्ट्रास्ट नाकारायचे नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीबद्दलही असाच सरसकट नियम लावला जातो. ती गोळी मूत्रपिंडाला इजा करत नाही. मूत्रपिंड बंद पडले तर साचून त्रास देते. म्हणून ईजीएफआर 30 च्या खाली असेल किंवा मूत्रपिंड अचानक बिघडले असेल तेव्हा ती थांबवतात, आणि इतर बहुतेकांना चालू ठेवता येते; निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा. आणि उपाशीपोटी येण्याचा आग्रह? आजच्या नॉन-आयोनिक औषधांसाठी उपास लागत नाही, असे युरोपच्या तज्ज्ञसंस्थेने स्पष्ट सांगितले आहे. विदर्भातल्या मे महिन्यात मूत्रपिंड नाजूक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीपासून पाण्याशिवाय ठेवून दुपारी स्कॅनला घेणे, हे त्या मूत्रपिंडाला खऱ्या अर्थाने अपायकारक आहे.

गॅडोलिनियमची हकिगत सर्वांत बोलकी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. हा धातू मोकळ्या आयनच्या रूपात विषारी असतो. आकाराने तो कॅल्शियमच्या आयनसारखा असल्याने शरीरात भलत्या ठिकाणी घुसतो. म्हणून त्याला सेंद्रिय रेणूत जखडून देतात. काही औषधांत तो रेणू साखळीसारखा लांबट असतो, यांना लिनियर म्हणतात. काहींत तो कड्यासारखा चारही बाजूंनी वेढणारा असतो, ती मॅक्रोसायक्लिक. पहिले औषध 1988 साली आले. मात्रा थोडी लागते, साठ किलोच्या माणसाला साधारण बारा मिलिलिटर. अ‍ॅलर्जी आयोडीनच्या औषधांपेक्षाही विरळ. मूत्रपिंड बिघडलेल्यांना तर आयोडीनऐवजी हेच सुरक्षित, अशी खात्री होती. 1997 पासून अमेरिकेत काही डायलिसिसच्या रुग्णांची कातडी दगडासारखी टणक होऊ लागली, सांधे आखडू लागले, काहींना चालणेही अशक्य झाले. 2000 साली त्वचारोगतज्ज्ञ काउपर आणि सहकाऱ्यांनी हा नवा आजार म्हणून नोंदवला, पण कारण सापडेना. संसर्ग असेल, डायलिसिसच्या पाण्यात काही असेल, असे तर्क चालले. 2006 मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रोबनर यांनी लिहिले, की त्यांच्याकडच्या गॅडोलिनियम देऊन एमआरआय केलेल्या नऊ रुग्णांपैकी पाच जणांना हा आजार झाला. त्याच वर्षी कोपनहेगनच्या मार्कमन यांनी आपल्या 13 रुग्णांची दप्तरे चाळली, तेव्हा तेराच्या तेरा जणांना लक्षणांआधी गॅडोडायमाइड हे एकच लिनियर औषध दिले गेले होते. दप्तरात नुसते ‘कॉन्ट्रास्ट दिले’ असे असते, तर हे कधी कळले असते? पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने सर्वांत कडक इशारा छापायला लावला, 2010 साली तीन लिनियर औषधे गंभीर मूत्रपिंडविकारात वर्ज्य ठरली, आणि नवे रुग्ण जवळजवळ थांबले. आधुनिक वैद्यकात एखादा आजार इतक्या लवकर आणि इतक्या साध्या उपायाने आटोक्यात आल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

प्रश्न तिथे संपला नाही. 2014 साली जपानच्या कांदा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वारंवार गॅडोलिनियम घेतलेल्यांच्या मेंदूतले काही भाग कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या एमआरआयवरही उजळ दिसतात. पुढे शवविच्छेदनात तिथे खरोखर गॅडोलिनियम सापडले, आणि तेही मूत्रपिंडे चांगली असलेल्यांमध्ये. थोरोट्रास्टची आठवण असलेल्या कोणालाही इथे दचकायला होईल. दोन्हींतला फरक लक्षात ठेवायला हवा: गॅडोलिनियम किरणोत्सारी नाही, दिलेल्या मात्रेचा अत्यल्प अंश मागे राहतो, आणि कोट्यवधी लोकांना दिल्यानंतरही मेंदूतल्या या साठ्यामुळे आजार झाल्याचे सिद्ध झालेले नाही. पण तो साठा लिनियर औषधांत जास्त राहतो आणि मॅक्रोसायक्लिकमध्ये बराच कमी, हेही तितकेच स्पष्ट आहे. युरोपने 2017 साली तीन लिनियर औषधांचा शिरेतून वापर थांबवला आणि दोन फक्त यकृताच्या तपासणीसाठी ठेवली. अमेरिकेने बंदी न घालता रुग्णाला वाचायला देण्याची माहितीपत्रिका सक्तीची केली. मला युरोपची भूमिका जास्त पटते. तेच काम करणारे, कमी साठून राहणारे औषध उपलब्ध असताना इजा सिद्ध होण्याची वाट पाहण्यात रुग्णाचा काहीच लाभ नाही. ज्यांना दर काही महिन्यांनी एमआरआय करावा लागतो, म्हणजे मेंदूच्या गाठीचे किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण, आणि लहान मुले, त्यांच्यासाठी तर हा भेद कागदावरचा नाही.

यावर केंद्रचालकांचा आक्षेप ठरलेला असतो. दिवसाला इतके रुग्ण, प्रत्येकाला औषधाचे नाव, मात्रा, धोके सांगत बसलो तर निम्मे घाबरून उठून जातील आणि ज्यांना खरी गरज आहे तेच निदानावाचून राहतील. यातली काळजी खोटी नाही. अर्धवट माहितीने लोक घाबरतात हे दिसतेच. बाळाला अंगावर पाजणाऱ्या कितीतरी आयांना आजही कॉन्ट्रास्टनंतर चोवीस तास दूध काढून टाकायला सांगतात. वास्तविक आयोडीनच्या औषधाचा एक टक्क्याहूनही कमी भाग दुधात उतरतो, आणि त्यातलाही एक टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. पण ही भीती माहिती दिल्याने पसरलेली नाही, ती नेमकी माहिती न दिल्याने पसरली आहे. शिवाय मी मागतो आहे ती लांबलचक व्याख्यान देण्याची सक्ती नव्हे. संमतिपत्र छापलेलेच असते, ते मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात असावे; क्रिएटिनिन, दमा, मागची प्रतिक्रिया आणि गर्भारपण हे चार प्रश्न तोंडी विचारावेत; आणि रिपोर्टच्या पहिल्या ओळीत औषधाचे नाव, प्रकार आणि मिलिलिटर लिहावेत. बाटलीवरचे नाव रिपोर्टमध्ये टंकायला अर्धे मिनिट पुरते. दुसरा आक्षेप असा, की आजची औषधे इतकी सुधारली आहेत तर नाव कळून उपयोग काय. थोरोट्रास्ट देणाऱ्यांनाही, आणि डायलिसिसच्या रुग्णांना गॅडोलिनियम देणाऱ्यांनाही, आपल्या हातात त्या काळातले सुरक्षित औषध आहे असेच वाटत होते. दोघेही प्रामाणिक होते. 2003 साली ब्राझीलमध्ये तर पिढ्यानपिढ्या निर्धोक मानल्या गेलेल्या, तोंडाने घ्यायच्या बेरियम सल्फेटमध्ये विषारी बेरियम कार्बोनेट मिसळले गेले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. दोष औषधाच्या तत्त्वात नव्हता, एका उत्पादनात होता. अशा वेळी नावाशिवाय शोध सुरूच होत नाही.

गरजेपेक्षा जास्त वापराचा मुद्दाही यातच येतो. 2022 च्या वसंतात शांघायच्या टाळेबंदीमुळे तिथला एक मोठा कारखाना बंद राहिला आणि आयोडीन कॉन्ट्रास्टचा जगभर तुटवडा पडला. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी प्रत्येक तपासणीला खरोखर कॉन्ट्रास्ट हवे का, मात्रा वजनानुसार कमी करता येईल का, याची छाननी सुरू केली, आणि वापर बराच कमी करूनही तातडीच्या रुग्णांची निदाने अडली नाहीत. ही छाननी टंचाईपुरतीच का असावी? आपल्याकडे कॉन्ट्रास्टसह आणि कॉन्ट्रास्टविना तपासणीच्या दरात फरक असतो आणि बिल बहुतेकांना खिशातून भरावे लागते. रुग्णाने ‘हे कशासाठी पाहायचे आहे, साध्या स्कॅनवर कळणार नाही का?’ असे विचारले, तर त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही कळणार’ असेच येईल आणि ते ऐकून रुग्ण निश्चिंत मनाने टेबलावर झोपेल. कधीमधी उत्तर वेगळे येईल, तेव्हा औषध आणि पैसे दोन्ही वाचतील.

तेव्हा वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्यावर किंवा घरातल्या कोणावर कॉन्ट्रास्ट तपासणी होईल, तेव्हा औषधाचे नाव आणि मात्रा रिपोर्टवर लिहून मागा. एमआरआय असेल तर औषध मॅक्रोसायक्लिक आहे का तेही विचारा. मागचे रिपोर्ट बरोबर न्या. नंतरच्या आठवड्यात अंगावर पुरळ आले, सुई लावलेल्या जागी सूज चढत गेली किंवा आणखी काही त्रास झाला, तर तो त्या केंद्राला कळवाच, आणि सरकारच्या औषधसुरक्षा कार्यक्रमालाही कळवा. हा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, 1800-180-3024 या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. त्या फॉर्ममध्ये संशयित औषधाचे नाव विचारलेले असते, आणि तिथे ‘डाय’ एवढेच लिहून चालत नाही.